गुरुवारची सही

“सर, मेरा नाम काट दो ना, प्लीज. और किसी को पूछो.”

मी साहेबांच्या केबिनबाहेर झेरॉक्स मशीनपाशी उभी होते. मशीनमध्ये अडकलेला कागद दोन बोटांनी ओढत होते आणि केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. आवाज आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीचा होता. मुलगी म्हणते खरी, पण ती तेव्हा तिशीची होती, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. साहेब म्हणाले, “तुम तो हर साल साइन करती हो.” ती बाहेर आली तेव्हा मला पाहून थबकली. “पेपर जॅम?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

दहा मिनिटांनी साहेबांनी तो फॉर्म माझ्या ट्रेमध्ये टाकला. तिच्या नावावर एक सरळ रेघ मारलेली होती. “मोळे,” साहेब म्हणाले. ते केरळचे. ऑफिसातल्या सगळ्या लहान मुलींना ते मोळे म्हणायचे, म्हणजे लेकी. “दूसरा गॅरंटर मिला तो मुझे दे देना. थर्सडे तक. शनिवार का फ्लाइट है उसका.”

तो सोमवार होता.

आमची कंपनी दुबईत, अल क्वोजला होती. पुढे ऑफिस, मागे ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. मी एचआरमध्ये होते, पहिलीच नोकरी. सुट्टीचे फॉर्म आणि पासपोर्टचं रजिस्टर माझ्याकडे. तिथल्या बऱ्याच कंपन्यांत तेव्हा अशी रीत होती की सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात राहायचे. गावी जायचं असेल तर पासपोर्ट सुटण्यासाठी स्टाफपैकीच एकाने जामीन राहायचं. गेलेलं माणूस परत येईपर्यंत जामिनाचा पासपोर्ट कपाटातून हलायचा नाही. पूर्वी याचं कुणाला काही वाटत नसे. चहा पिता पिता कोणीही कोणासाठी सही करून टाकायचं. पण २००८च्या शेवटी कामं बंद पडली, सुट्टीवर गेलेली माणसं परत येईनाशी झाली, आणि फॉर्मवर एक ओळ वाढली: सदर व्यक्ती परत न आल्यास त्याची जबाबदारी जामिनाची. कसली जबाबदारी, ते लिहिलेलं नव्हतं. पण दर महिन्याला कमी करायच्या माणसांची एक यादी निघत होती. ती मीच टाइप करत होते. त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं.

फॉर्म अक्काचा होता.

अक्का आमची डॉक्युमेंट कंट्रोलर. ड्रॉइंग आलं की त्यावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, फाइल करायची. चाळिशी ओलांडलेली, अंगाने बारीक, श्रीलंकेची तमिळ. रिसेप्शनवरची सिंहली. दोघी एकाच गावच्या, त्रिंकोमालीच्या. मोठ्या बहिणीला त्या दोघींच्याही भाषांत अक्का म्हणतात. आमच्याकडे माझ्या कोल्हापूरच्या आत्याला अक्का म्हणायचे, त्यामुळे माझ्याही तोंडात ते सहज बसलं. ऑफिसात मी न अडखळता मारलेली ती एकच हाक असेल.

आम्ही तिघी शारजात अल मजाजला राहायचो. मी आईबाबा आणि भावाबरोबर, त्या दोघी वेगवेगळ्या इमारतींत, शेअरिंगच्या खोलीत एकेका पलंगाची जागा घेऊन. सकाळी सहाला कारलिफ्टची, म्हणजे महिन्याच्या भाड्याची सामायिक व्हॅन यायची. ड्रायव्हर पठाण होता, खाली उभा राहून “यल्ला मॅडम, यल्ला” करत घाई लावायचा. मागच्या सीटवर मी खिडकीशी, मध्ये अक्का, पलीकडे रिसेप्शनवरची. दीड तासाचा ट्रॅफिक. त्या आधी सिंहलीत बोलायच्या, मग माझ्यासाठी इंग्रजीत यायच्या. मी बोलत नसे. मी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी ऐकायचं आणि उत्तर इंग्रजीत द्यायचं, असं मोठी झालेली. कमी बोललं की चुका कमी होतात, हे मला फार लवकर कळलं होतं. म्हणून मी ऐकायचे. एका वर्षात मला ते गाव शारजापेक्षा जास्त माहीत झालं.

ते बंदराचं गाव. बंदर इतकं खोल की मोठमोठी जहाजं थेट आत येतात, असं रिसेप्शनवरची कौतुकाने सांगायची.

“म्हणून तर ते सगळ्यांना हवं,” अक्का म्हणायची. “उथळ असतं तर आम्ही सुखात राहिलो असतो.”

गावाचा अर्धा किनारा नौदलाचा. रिसेप्शनवरचीचे वडील नौदलाच्या कँटीनमध्ये आचारी, भाऊ गस्तीच्या बोटीवर. अक्काच्या वडिलांची मासेमारी, आणि तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान भावाचं जेट्टीजवळ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. त्याच्याकडे कोळी इंजिनं आणायचे, नौदलवाले आणायचे, आणि कधी कधी असेही लोक आणायचे की ज्यांना नाव विचारायचं नसतं. दुकानाचं शटर तो नेहमी अर्धं ठेवायचा. पूर्ण बंद ठेवलं तर एक बाजू विचारणार, तू काय लपवतोस? पूर्ण उघडं ठेवलं तर दुसरी विचारणार, तू कोणाच्या जिवावर एवढा निर्धास्त? तो वाकून आत जायचा आणि वाकून बाहेर यायचा.

“त्यामुळे त्याला पोक आलं,” अक्का म्हणाली. “तिशीत म्हातारा दिसतो. पोरगी कोण देणार?”

“माझा भाऊ म्हणतो, तो लग्नाआधी जेवण बनवायला शिकला हेच चुकलं,” रिसेप्शनवरची म्हणाली. “आता त्याला बायको कशाला?”

तिचा भाऊ त्या दुकानात माशाची आमटी जेवायला जायचा. एकदा अक्काने सांगितलं, की आदल्या दिवशी जेवून गेलेल्या याच भावाने दुसऱ्या दिवशी चौकीवर अक्काच्या भावाचा पास मागितला. पास बघितला, फोटो बघितला, मग तोंड बघितलं, अनोळखी माणसाचं बघावं तसं.

“अक्का, तो ड्यूटीवर होता. त्याचा साहेब मागे उभा होता.”

“माहीत आहे गं. म्हणून तर माझ्या भावाने तिसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला घातलं त्याला.”

दोघी हसल्या. मीही हसले, कारण हसायला बोलावं लागत नाही.

अक्काचा भाऊ २००७ साली एक जुनं इंजिन आणायला उत्तरेला, तमिळ बंडखोरांच्या भागात गेला आणि मागे रस्ता बंद झाला. तो ज्या भागात होता तिथून फोन लागत नव्हता. व्हॅनमध्ये त्याचा विषय हळूहळू कमी झाला. दरवर्षी एप्रिलमध्ये, आमच्या पाडव्याच्या आसपास, त्या दोघींचं नवं वर्ष एकाच दिवशी यायचं, आणि तांदळाच्या पिठाचे गोड तळलेले वडे दोघींच्या डब्यांतून यायचे. २००९ला एकाच डब्यातून आले. अक्काने एक घेतला, रुमालात बांधला आणि म्हणाली, “संध्याकाळी खाते.”

मे महिन्यात तिकडची लढाई संपल्याची, सरकार जिंकल्याची बातमी आली. रिसेप्शनवरचीच्या खोलीतल्या सिंहली मुलींनी आनंदाचा म्हणून दूधभात केला होता, वड्या पाडून. तिने डबा आणला होता, पण तो मांडीवर पिशवीत ठेवून ती बसली होती. अल क्वोजच्या वखारी दिसायला लागल्या तशी अक्का म्हणाली, “दूधभात ना? वास येतोय. दे की.”

“अक्का, मी नाही केला. मुलींनी केला. मला हातात दिला, मी काय करणार?”

“तेच म्हणते. केलाय तर दे.”

तिने डबा उघडला. अक्काने एक वडी घेतली, सावकाश खाल्ली आणि म्हणाली, “मीठ कमी पडलंय.” मग माझ्याकडे डबा सरकवला. मी खाल्ली. मीठ बरोबर होतं. रिसेप्शनवरची खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिची मान हलत होती. मी पाहिलं नाही असं केलं. तिचा भाऊ जिवंत राहिला होता म्हणून ती रडत होती, की अक्काने वडी खाल्ली म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

जूनमध्ये अक्काच्या चुलतभावाचा फोन आला. भाऊ सापडला होता. तारेच्या कुंपणाआड हजारो माणसं ठेवलेल्या एका छावणीत होता. पायाला जखम होती, पण जिवंत होता. जवळचं रक्ताचं नातेवाईक कागदपत्रं घेऊन स्वतः गेलं, तर त्याची ओळख पटवून नाव दुसऱ्या वहीत जाणार होतं. त्या वहीतल्या माणसांना पुढे सोडणार, असं सांगत होते. आई अंथरुणाला खिळलेली. वडील आता नव्हते. राहिली अक्का. आणि जे करायचं ते लवकर, कारण छावणीतून माणसांना गटागटाने दुसरीकडे नेत होते.

अक्काने शनिवारचं तिकीट काढलं आणि नेहमीप्रमाणे जामिनाच्या जागी रिसेप्शनवरचीचं नाव घातलं. सात वर्षं त्या एकमेकींसाठी सही करत होत्या. विचारायची गरज नव्हती.

त्यानंतर झेरॉक्स मशीनपाशी मी जे ऐकलं ते ऐकलं. दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं. तिच्या भावाने तिला फोनवर बजावलं होतं म्हणे, की त्या माणसाशी संबंध असलेल्या कुठल्याही कागदावर आपलं आडनाव नको. इथे आम्हाला एकेकाला बसवून विचारतायत की दुकानात कोण कोण जेवायला जायचं. हे तिनेच पँट्रीत कुणाला तरी सांगितलं. अक्काला सांगायची मात्र तिला हिंमत झाली नाही. संध्याकाळी व्हॅनमध्ये ती पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

मंगळवारी सकाळी अक्काने मला विचारलं, “तू या महिन्यात कुठे जाणार आहेस?”

“नो.”

“मग तुझी सही चालेल. घरी विचार.”

घरची गोष्ट अशी होती, की बाबांची कंपनी बंद पडत होती. ते एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. सोळा वर्षं तिथे होते. आम्ही सगळे बाबांच्या व्हिसावर. तो रद्द होण्याआधी माझा व्हिसा माझ्या कंपनीच्या नावावर करून घ्यायचा होता, नाहीतर मलाही सगळ्यांबरोबर ठाण्याला जावं लागलं असतं. त्यासाठी माझा पासपोर्ट कपाटातून बाहेर हवा होता. गुरुवारी आम्ही दोघं त्या कामाला जाणार होतो.

मी जेवताना हळूच विषय काढला. बाबांनी घास खाली ठेवला.

“तिचं वाईट वाटतं मला. खरंच वाटतं. पण आपण इथे कोणाच्या अध्यात ना मध्यात. सोळा वर्षं मी असाच टिकलो.”

“पण टिकलात कुठे?” आई म्हणाली.

आईला लगेच पश्चात्ताप झाला आणि तिने त्यांना पुन्हा भात वाढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “त्या कागदाला हात लावू नकोस, बाळा. तुझा पासपोर्ट अडकला तर आम्ही तुला इथे एकटी सोडून जाऊ की काय? आणि तिच्या गावची ती दुसरी आहे ना?”

“इट्स ओके,” मी म्हटलं. सुटका करून घ्यायची झाली की मी हेच म्हणायचे.

बुधवारी मी अक्काला सांगितलं, “बाबा नाही म्हणाले.” शाळेतल्या मुलीने सहलीचा फॉर्म परत द्यावा तसं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बरोबर आहे त्यांचं. मीही माझ्या पोरीला नाहीच म्हटलं असतं.” तिला मूल नव्हतं. त्या दिवशी तिने स्टोअरकीपरला विचारलं, एका फोरमनला विचारलं. दोघांची नावं पुढच्या यादीच्या कच्च्या प्रतीत होती. ते त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. पण भीती त्यांना माझ्याइतकीच होती. संध्याकाळी ती म्हणाली, “फॉर्म तुझ्याकडेच राहू दे. उद्या कोणी तयार झालं तर?” मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला, सवयीने कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. उद्या माझी सुट्टी आहे, हे माझ्या लक्षात होतं. किल्ली साहेबांकडे देऊन जावं, हे माझ्या मनात आलंही होतं. साहेब कोणावर तरी फोनवर ओरडत होते. मी दारापर्यंत जाऊन परत आले.

गुरुवारी व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गर्दी होती. सगळ्यांच्या हातात आमच्यासारख्याच प्लास्टिकच्या फाइली. काही व्हिसा बदलत होते, बरेचसे रद्द करत होते. बाबा टोकन मुठीत धरून भिंतीवरच्या आकड्यांकडे बघत होते. साडेबाराला माझा फोन थरथरला. रिसेप्शन. मी उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा. मला वाटलं, ती मला पटवायला फोन करतेय. तू सही कर, तू इंडियन आहेस, तुझं काय जातं, असं काहीतरी. आणि मला पटवणं सोपं आहे, हे मला माहीत होतं.

“कोण?” बाबांनी विचारलं.

“ऑफिस.”

“सुट्टी आहे ना आज? राहू दे.”

दोन वाजता मेसेज आला. इंग्रजीत, तिच्या घाईच्या स्पेलिंगमध्ये: मी सही करते. अक्काला अजून सांगितलं नाही. फॉर्म कुठे आहे? तुझा ड्रॉवर बंद आहे. सर पाचपर्यंत आहेत.

नवा फॉर्म काढता आला असता, पण त्यावर अक्काच्या विभागप्रमुखाची सही लागायची आणि तो दुसऱ्या शहरात, अल ऐनच्या साइटवर गेला होता. त्याची सही असलेला एकच कागद होता, आणि त्या ड्रॉवरची किल्ली माझ्या पर्समध्ये. टॅक्सी केली असती तर मी साडेतीनला, फार तर चारला पोचले असते.

नंतर मी स्वतःला बरंच काही सांगितलं. आमचा नंबर जवळ आला होता, माझ्या सहीशिवाय बाबांचं काम रविवारवर गेलं असतं, त्यांचे दिवस संपत आले होते. हे सगळं खरं आहे. पण त्या वेळी मी यातलं काही तोलून पाहिलं नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं, की बाबांना सांगावं लागेल, ते नाही म्हणतील, आणि मग मला मोठ्याने काहीतरी बोलावं लागेल, एवढ्या लोकांसमोर. मी फोन पर्समध्ये ठेवला. मेसेजला उत्तरही दिलं नाही. ‘मी येऊ शकत नाही’ एवढं लिहिलं असतं तरी कुणी वर्कशॉपमधून माणूस आणून ते कुलूप तोडलं असतं. मागे दिवसभर ॲल्युमिनियम कापत होते.

आमचा नंबर सव्वाचारला आला. माझी एक सही लागली.

शुक्रवार, शनिवार ऑफिस बंद. रविवारी मी पोचले तेव्हा रिसेप्शनवरची माझ्या टेबलापाशी पेन घेऊन उभी होती. मी ड्रॉवर उघडला. तिने रेघ मारलेल्या नावाखाली पुन्हा स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. तेवढ्यात अक्का आली. शनिवारचं तिकीट गेलं होतं. त्यानंतरची जागा मंगळवारची मिळाली होती. अक्काने सही पाहिली आणि तिच्याकडे पाहिलं.

रिसेप्शनवरचीने माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. ‘हिला विचार’ एवढं ती म्हणाली असती तरी पुरलं असतं. मी हातातल्या किल्लीकडे बघत होते.

“सॉरी, अक्का,” ती म्हणाली. “मला उशीर झाला.”

तिने असं का केलं, याचा मी खूप विचार केलाय. सोमवारी आपणच नाव काढून घेतलं तेव्हा तक्रार करायचा हक्क गेला, असं तिला वाटलं असेल. किंवा तिला माझ्या बाबांचं कळलं होतं, ऑफिसात लपून काही राहत नसे. मी तिला कधी विचारलं नाही.

अक्का मंगळवारी गेली. त्याच आठवड्यात महिन्याची यादी पक्की झाली. मी टाइप केली. सातव्या क्रमांकावर रिसेप्शन. खरं तर अक्का परत येईपर्यंत तिचा पासपोर्ट सोडायचा नव्हता, पण साहेबांनी तो स्वतः कपाटातून काढून तिच्या हातात दिला. कंपनीला तेवढ्यापुरता आपला नियम आठवला नाही. जाताना तिने काउंटर पुसला, पेनं एका मगमध्ये भरून ठेवली आणि मला म्हणाली, “अक्का आली की तिला सांग...” मग म्हणाली, “राहू दे.” मी “ओके” म्हटलं.

अक्का तीन आठवड्यांनी परत आली. व्हॅनमध्ये मधली सीट तिने सोडली नाही, पलीकडची रिकामीच राहिली. तिसऱ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये गाडी थांबलेली असताना म्हणाली, “मी बुधवारी पोचले. सोमवारी एक बस गेली होती. त्याचं नाव तिच्यात होतं. मी वही बघितली. नाव, वय, आणि पुढे एक खूण.”

“बस कुठे गेली?” मी विचारलं.

“खूण म्हणजे ‘दुसरीकडे’. कुठे ते त्या वहीत लिहिलेलं नाही. ती वही दुसऱ्या ऑफिसात, आणि ते ऑफिस म्हणतं आमच्याकडे नाही.” ती बोटं मोजत होती. “शनिवारी निघाले असते तर रविवारी पोचले असते. त्याच्या समोर उभी राहिले असते. तिला तीन दिवस लागले. भावाला विचारायला तीन दिवस! माझ्या भावाने तिच्या भावाला वर्षानुवर्षं जेवायला घातलंय.”

मी तिच्या हाताकडे बघत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. व्हॅन चालू लागली आणि ड्रायव्हरने रेडिओ लावला.

बाबा, आई आणि माझा भाऊ सप्टेंबरमध्ये ठाण्याला गेले. मी राहिले, जिच्यासाठी एवढं केलं ती नोकरी करत. अक्काच्याच इमारतीत एका खोलीत जागा घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या शेजारी बसत होते. ती मला डबा द्यायची, ताप आला तर रसम आणून द्यायची. आई फोनवर म्हणायची, “तुझी ती अक्का आहे ना जवळ? मग मला काळजी नाही.” आणि महिन्या दोन महिन्यांतून एकदा, कुठल्याही गोष्टीवरून, अक्का म्हणायची, “तीन दिवस!” मी सुरुवातीला मान खाली घालायचे. पुढे मला त्याची सवय झाली, आणि हे सांगायला सगळ्यात अवघड आहे. काही वेळा तर मला स्वतःलाच वाटायचं की तसंच झालं असेल. भावाचा पत्ता लागला नाही. तिने पत्रं लिहिली, अर्ज पाठवले, ते मीच इंग्रजीत नीट करून द्यायचे. माझं इंग्रजी चांगलं आहे. एकाही पत्राला उत्तर आलं नाही.

२०११च्या उन्हाळ्यात अक्काचंही नाव यादीत आलं. तेही मीच टाइप केलं.

तिच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी मी तिच्या खोलीत कार्टन बांधायला गेले. गावी जाताना सगळेच बांधतात तसा: आधी टेप, मग दोरी, मग चारी बाजूंनी मार्करने नाव. ती दोरी ओढत होती, मी गाठीवर बोट धरून होते. तेव्हा तिने सांगितलं, की त्यांच्या गावच्या एका बाईच्या हाती निरोप आलाय. रिसेप्शनवरचीचा. तिचा भाऊ आता बोटीवर नाही, बंदराच्या ऑफिसात बसतो. त्याने गुपचूप चौकशी केलीय. एका ठिकाणच्या नोंदीत अक्काच्या भावाचं नाव आणि वय जुळतंय. माणूस तोच की दुसरा, जिवंत की नाही, माहीत नाही; अर्ज फक्त बहीण करू शकते. आधी माझ्या घरी ये, मी तुला त्याच्याबरोबर पाठवते, असा निरोप.

“मग जाणार ना?” मी विचारलं.

“तिच्या दारात?” अक्का हसली. त्या हसण्याने मी घाबरले. “मी सरकारी ऑफिसांच्या पायऱ्यांवर मरेन, पण त्या घरात पाणी पिणार नाही. माझा भाऊ त्यांच्यासाठी वाकून वाकून म्हातारा झाला, आणि तिला एका सहीसाठी तीन दिवस लागले. आता काय, मन खातंय म्हणून नाव सापडलं? खोटं असेल ते. दोरी धर नीट.”

मी दोरी सोडली. खोलीतल्या दुसऱ्या बायका आपापल्या पडद्यांआड झोपल्या होत्या. एसीचा आवाज येत होता. माझा आवाज निघेल की नाही याची मला खात्री नव्हती, आणि निघाला तो फार मोठा निघाला.

“अक्का, तिला तीन दिवस लागले नाहीत. गुरुवारी दुपारी ती सही करायला तयार होती. तिने मला तीनदा फोन केला, मी उचलला नाही. मग मेसेज केला, तो मी दोन वाजता वाचला. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता, किल्ली माझ्याकडे होती, आणि मी गेले नाही. तू तिच्या घरी जा.”